पूर्वनिर्धारित स्थिरांक

संगणकाच्या लायब्ररीत (आयत्या आज्ञावल्यांच्या संग्रहात) नाव देऊन आधीच ठेवलेली, आज्ञावली चालू असताना न बदलणारी किंमत. उदा., पायथनच्या मॅथ लायब्ररीतील ‘पाय’ (३.१४१५९२६५३५८९७९३).

हे आकडे कोणालाही टाइप करता येतात. तरी लायब्ररी ते का पुरवते, हे भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या शेतीवरून नीट उमगते. पवनी-लाखांदूरकडचा शेतकरी आपली जमीन एकरांत सांगतो. सातबाऱ्यावर ती हेक्टर-आरमध्ये असते. दोन्हींचा मेळ घालणाऱ्या आज्ञावलीत एकाने एकर म्हणजे ०.४ हेक्टर धरला आणि दुसऱ्याने ०.४०४६८५६४२२४, तर पाच एकरांमागे सुमारे २३४ चौ. मी.चा फरक पडतो. हे दोन गुंठ्यांहून अधिक झाले. रोवणीची एखादी लहान बांधीच (बांध घातलेला धानाच्या शेताचा तुकडा) हिशेबातून नाहीशी होते. पायथनच्याच सायपाय या लायब्ररीत ‘एकर’ (४,०४६.८५६४२२४ चौ. मी.) आणि ‘हेक्टर’ (१०,००० चौ. मी.) तयार मिळतात. ते घेतले की सगळ्यांचा एकर एकच राहतो.

टायपिंगचे श्रम वाचतात, हा फायदा गौणच. आकड्यातला एक अंक चुकला तर संगणक मुकाट्याने चुकीचे उत्तर देतो. नावातले अक्षर चुकले तर तो तिथेच अडतो. शिवाय ‘एकर’ हा शब्द पुढे कोड वाचणाऱ्याला अर्थ सांगतो, नुसती दशांशांची रांग सांगत नाही. काही किमती तर यंत्रागणिक बदलतात : सी भाषेतील ‘इंट मॅक्स’ या कमाल पूर्णांकाची किमान ३२,७६७ एवढीच हमी मानकात आहे, मात्र आजच्या बहुतेक संगणकांवर तो २,१४,७४,८३,६४७ असतो. जावाच्या बिगइंटिजर या मोठ्या पूर्णांकांच्या वर्गातील ‘झीरो’मागे वेगळे कारण आहे. तेथे शून्य ही एक वस्तू असते. ती दर वेळी नव्याने घडवण्याऐवजी सगळे एकच वापरतात.

सायपायमध्ये गुंठा नाही. महाराष्ट्रासाठी लिहिणाऱ्याने तो (१,०८९ चौ. फूट, एकराचा चाळिसावा भाग) आपल्या आज्ञावलीत एकाच ठिकाणी, नावानिशी नोंदवावा. मात्र प्रत्येक ठरलेला आकडा स्थिरांक होण्याच्या योग्यतेचा नसतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तालुक्यांची जुनी यादी एका दिवसात चुकीची ठरली. भंडाऱ्यात आज सात तालुके आहेत. हा सात कोडमध्ये न कोरता माहितीच्या तक्त्यात ठेवावा.