मानाच्या यादीतला एक जादा रकाना

पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा जिथे होती तिथे आपली शाळा भरते, हे पाचवीत कुणीतरी सांगतं आणि मग आयुष्यभर आपण ते पाहुण्यांना सांगत राहतो. शाळेचं कागदोपत्री नाव एच. एच. सी. पी. हायस्कूल, म्हणजे सांगलीचे हिज हायनेस चिंतामणराव पटवर्धन. पण या नावावर रिक्षावाला आपल्याला शाळेत आणून सोडेल याची मला खात्री नाही. त्याला ‘हुजूरपागा’च सांगावं लागतं.

स्मरणिकेसाठी शाळेच्या नामवंत विद्यार्थिनींवर लेख लिही, असं मंडळाने सांगितलं, तेव्हा काम सोपं वाटलं होतं. नावं आपल्याला पाठ आहेत. इरावती कर्वे, शकुंतला परांजपे, शांता शेळके. पदव्या, पुरस्कार, सालं लिहायची आणि द्यायचं पाठवून. पण वाचत गेले तसं लक्षात आलं की या बायकांच्या चरित्रांतली सगळ्यांत महत्त्वाची माणसं पुरस्कारांच्या ओळींत कुठेच नसतात. म्हणून मी जरा मागून सुरुवात करते.

शाळा निघाली १८८४ साली. वामन आबाजी मोडक, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, शंकर पांडुरंग पंडित ही त्यामागची मंडळी. पुण्यात मुलींचं हायस्कूल व्हावं, अशी मागणी करणारं निवेदन गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर इंग्रजीत वाचलं ते रमाबाई रानडे यांनी. भर सभेत एका बाईने इंग्रजी बोलणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. इंग्रजी शिकल्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून काय काय ऐकून घ्यावं लागे, ते रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. रमाबाई आपल्या शाळेच्या विद्यार्थिनी नव्हत्या, त्यामुळे त्या आपल्या यादीत बसत नाहीत. यादीचे नियमच तसे असतात.

शाळा सुरू झाली तशी टीकाही सुरू झाली, आणि ती ऐऱ्यागैऱ्याची नव्हती. लोकमान्य टिळकांनी ‘मराठा’ पत्रातून शाळेच्या अभ्यासक्रमावर आणि वेळेवर कडक लिहिलं. मुलींना इंग्रजी आणि मुलांसारखाच अभ्यासक्रम कशाला, आणि दिवसभर शाळा कशाला? दोन-तीन तास पुरेत, म्हणजे घरकाम शिकायला वेळ राहील, असा त्यांचा रोख होता. त्यांचेच जुने सहकारी आगरकर मात्र मुलींना मुलांसारखंच आणि मुलांच्या बरोबरीने शिकवावं, या मताचे होते. हा वाद आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ अशा एका वाक्यात शिकवला गेला. आपण तो चार गुणांसाठी पाठही केला. पण तो वाद आपल्याच वेळापत्रकाबद्दल होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मधल्या सुट्टीनंतर आपले जे तास व्हायचे, ते मुळात असावेत की नसावेत, यावर भांडण झालेलं आहे! दरवर्षी अनंत चतुर्दशीला लोकमान्यांनी सार्वजनिक केलेल्या उत्सवाची मिरवणूक त्याच लक्ष्मी रस्त्याने जाते. दोन्ही गोष्टी पुण्याने सांभाळल्या, हे पुण्याला शोभेसंच झालं.

वेळापत्रकाइतकीच अडचण वयाची होती. शाळा निघाली त्या वर्षी कायद्याने मुलीचं संमतिवय दहा वर्षांचं होतं. १८९१ मध्ये ते बारा झालं, तेही केवढ्या गदारोळानंतर. मुलींच्या लग्नासाठी किमान चौदा वर्षांची अट घालणारा सारडा कायदा यायला १९२९ साल उजाडावं लागलं. म्हणजे पहिली पंचेचाळीस वर्षं मुलगी मॅट्रिकपर्यंत पोचायची तर तिचं लग्न कोणीतरी लांबवायला हवं होतं, किंवा लग्नानंतरही तिला शाळेत पाठवायला हवं होतं. तो निर्णय तिच्या हातात नव्हताच, शाळेच्याही नव्हता. हजेरीपटावरून मध्येच नाव गेलेल्या मुली किती हुशार होत्या, हे कुठल्याच यादीत येणार नाही. मी ज्या धंद्यात आहे तिथे नोंद न झालेला डेटा म्हणजे शून्य नव्हे, हे नव्या पोरांना पहिल्या आठवड्यातच शिकवावं लागतं.

आता इरावतीबाई. जन्म १५ डिसेंबर १९०५, ब्रह्मदेशातल्या मिंजान इथला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला. इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. शिक्षणासाठी तिला सातव्या वर्षी पुण्याला पाठवलं, ते हुजूरपागेच्या वसतिगृहात. सात वर्षांची मुलगी समुद्रापलीकडून येऊन इथे राहते, हे मी माझ्या लेकीला सांगितलं, तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं, “आणि रात्री?” रात्रीचं मला सांगता आलं नाही. आपल्यापैकी ज्या वसतिगृहात होत्या त्यांना ते माहीत असेल.

शाळेत तिची मैत्री झाली शकुंतला परांजपेशी. शकुंतलाचे वडील रँग्लर र. पु. परांजपे, तेव्हा फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी लेकीच्या या मैत्रिणीला आपल्या घरी आणलं आणि स्वतःच्या मुलीसारखं वाढवलं. घरात पुस्तकं भरपूर, येणारी-जाणारी माणसं शिकलेली, जेवणाच्या पाटावरच्या गप्पा कुठल्या कुठे जाणाऱ्या. इरावतीबाईंच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया त्या घरात घातला गेला, असं मला वाटतं. आणि त्या घराचं दार उघडलं ते शाळेतल्या एका मैत्रीमुळे. शाळेने इरावतीबाईंना काय दिलं, असं कोणी विचारलं तर मी आधी शकुंतला दिली असं सांगेन. अभ्यासाचं नंतर.

पुढे फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या १९२६ मध्ये पदवीधर झाल्या. मुंबईला गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली १९२८ मध्ये एम. ए. झाल्या. लग्न महर्षी कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी झालं. नंतर जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करायचं ठरलं, तेव्हा विरोध कोणी केला असेल? खुद्द सासऱ्यांनी. १९१६ साली स्त्रियांचं विद्यापीठ काढलेल्या माणसाने! मला यात महर्षींची फजिती करायची नाही. पण संस्था काढणं एक आणि घरातली सून बोटीवर चढवणं दुसरं, हे अंतर त्या काळच्या सगळ्यांत मोठ्या माणसालाही पडलं होतं. दिनकररावांनी माघार घेतली नाही, आणि पैशांची सोय झाली ती जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जातून.

बर्लिनला कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. हे गृहस्थ पुढे नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले, एवढं सांगितलं म्हणजे त्यांची दिशा कळते. माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते, आणि युरोपीय लोकांमधल्या या असमानतेचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे, असा फिशर यांचा तर्क. तो तपासायचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या आणि असा वंशभेद मापांत दिसत नाही, असा निष्कर्ष लिहिला. गाइडला हवं ते उत्तर आलेलं नसताना प्रबंध सादर करणं म्हणजे काय, हे पीएच. डी. केलेल्या आपल्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. त्यात त्या परक्या देशातल्या, परक्या रंगाच्या, पंचविशीच्या आतबाहेरच्या. १९३० मध्ये डॉक्टरेट मिळाली. पुढेही त्या महाराष्ट्रातल्या जातींची शारीरिक मापं घेत राहिल्या. त्या पद्धतीवर नंतरच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले, आणि ते मला योग्य वाटतात. पण बर्लिनमधला तो आकडा त्यांनी वाकवला नाही, हेही तितकंच खरं.

डेक्कन कॉलेज, १९५३ चं भारतातल्या नातेसंबंधांवरचं इंग्रजी पुस्तक, ‘युगान्त’ आणि त्याला साहित्य अकादमी, पुण्याच्या रस्त्यांवरची त्यांची स्कूटर, हे सगळं आपल्याला माहीत आहे. कमी बोललं जातं ते त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एकाबद्दल. कोयना धरणामुळे उठलेल्या गावांतल्या माणसांचं पुढे काय झालं, याची पाहणी त्यांनी लेक जाई निंबकर यांच्याबरोबर केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ११ ऑगस्ट १९७० ला त्या गेल्या. आपल्या घरात कोयनेची वीज येत होती. ती कुणाच्या घरावरून आली, हे मोजायला जाणारी बाई आपल्या शाळेची होती.

शकुंतलाबाईंचं सांगायचं तर त्यांची तऱ्हाच वेगळी. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजातून १९२९ मध्ये गणिताची ट्रायपॉस, मग जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत नोकरी, १९३७ मध्ये प्रभातच्या ‘कुंकू’मध्ये भूमिका. तरी त्यांचं खरं काम संततिनियमनाचं. र. धों. कर्व्यांनी ज्या विषयासाठी नोकरी घालवली, तोच विषय घेऊन त्या बायकांशी बोलत राहिल्या, लिहीत राहिल्या. १९५८ पासून विधान परिषदेत आणि १९६४ ते ७० राज्यसभेत त्या होत्या. पद्मभूषण मिळालं ते १९९१ मध्ये, पंच्याऐंशीच्या घरात असताना. वाचताना मी हिशेब केला, तर काम सुरू झाल्यावर मान मिळायला अर्धशतक लागलं होतं. त्यांच्या बाबतीत वडिलांचं घर पाठीशी होतं हे खरं, पण चारचौघांत तो विषय काढल्यावर समोरचे चेहरे कसे व्हायचे, त्याला वडिलांचं नाव काय उपयोगी पडणार?

शांताबाई शेळके आपल्याला सगळ्यांत जवळच्या. जन्म १९२२ चा, इंदापूरचा. वडील लहानपणीच गेले आणि मुलं पुण्याला काकांकडे आली. तिथून हुजूरपागा. पुन्हा तेच, दुसऱ्याच्या घरातली एक जागा. पुढे स. प. महाविद्यालय, एम. ए., अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये पाच वर्षं, मग नागपूरचं हिस्लॉप आणि मुंबईची कॉलेजं, तिथे मुलांना मराठी शिकवणं. कविता आणि गाणी या नोकऱ्यांच्या मधल्या वेळात. सेन्सॉर बोर्डावर काम करत असताना त्यांनी चित्रपटगीतं लिहिली ती डॉ. वसंत अवसरे या नावाने. जुन्या तबकड्यांवर या डॉक्टरांचं नाव वाचून ते कोणत्या दवाखान्यात बसतात, असं किती जणांना वाटलं असेल!

‘चौघीजणी’ आपल्या वर्गात फिरून फिरून सुटी झाली होती, आठवतं? ‘लिटल विमेन’चा तो अनुवाद शांताबाईंचाच. पुस्तकावर नाव वाचूनही त्या आपल्याच शाळेच्या, हे आमच्या बाकावर कुणालाच तेव्हा सुचलं नव्हतं. १९९६ मध्ये आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, ते आपलं दहावीचं वर्ष.

या मेळाव्यात आपल्या वर्गातल्या ज्यांचा सत्कार आहे त्यांची यादी याच अंकात आहे. ती एक्सेलमध्ये मी ठेवते, त्यामुळे तिच्यावर माझी थोडी सत्ता आहे. नाव, क्षेत्र, सन्मान असे तीन रकाने होते. वरचं सगळं वाचून झाल्यावर मी चौथा वाढवला, ‘कोणाच्या आधाराने’, आणि सगळ्यांना ऐच्छिक म्हणून पाठवला. मंडळात एक-दोघींनी नाक मुरडलं. अंकाची पानं आधीच जास्त झाली आहेत हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, पण रकाना राहिला.

आतापर्यंत अकरा जणींनी तो भरला आहे. दोघींनी ‘वसतिगृह’ एवढंच लिहिलं. एकीने लिहिलं, ‘मामीने स्वतःच्या बांगड्या मोडल्या.’ एकीने, ‘नववीची फी वर्गशिक्षिकेने भरली, मला हे वीस वर्षांनी कळलं.’ एक जण आज मोठ्या हॉस्पिटलात विभागप्रमुख आहे. तिने लिहिलं, ‘बारावीला चार महिने शेजारच्या काकूंच्या माडीवर अभ्यास केला, आमच्याकडे एकच खोली होती.’ त्या काकूंचं नाव तिने लिहिलंय, पण अंकात छापायचं की नाही ते त्यांना विचारून ठरवू. राहिलेल्या मैत्रिणींनी मेळाव्याच्या दिवशी तरी भरून द्यावा. नोंदणीच्या टेबलावर कागद ठेवलेला असेल, आणि आमच्या बाईंसाठीही तिथे एक कोरा ठेवते आहे, त्यांनाही कुणीतरी शिकवलंच असेल.