दरबार, गोदी आणि बंदिशाळा: शिडाच्या युद्धनौकांच्या प्रतिकृती

शिडांवर चालणाऱ्या युद्धनौकेची हाताने घडवलेली प्रतिकृती आज दिवाणखान्यात किंवा संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात आढळते, आणि तिच्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहण्याची सवय इतकी रुळली आहे की या कलेचा सर्वांत समृद्ध काळ राज्यकारभाराशी निगडित होता, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. सतराव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे शंभर वर्षे इंग्लंडमध्ये ज्या प्रतिकृती घडल्या, त्यांना इतिहासकार ‘नेव्ही बोर्ड प्रतिकृती’ म्हणतात. नेव्ही बोर्ड हे आठव्या हेन्रीने १५४६ मध्ये स्थापलेले आणि १८३२ पर्यंत टिकलेले नौदलाचे प्रशासकीय मंडळ होते. युद्धाचे धोरण ॲडमिरल्टी ठरवीत असे, तर जहाजे बांधणे, त्यांची डागडुजी करणे, लाकूड व दोरखंड विकत घेणे आणि गोद्या चालवणे हे काम या मंडळाकडे असे. जहाजावर खर्च होणारा पैसा राजा आणि पार्लमेंट यांच्या मंजुरीने येई. परंतु मंजुरी देणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना जहाजाचा आराखडा वाचता येई, आणि जहाज बांधणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना दरबारात आपले म्हणणे शब्दांनी पटवून देता येई. प्रतिकृतीला महत्त्व आले ते या दोहोंमधल्या अंतरामुळे.

ही प्रथा नेव्ही बोर्ड प्रतिकृतींच्या आधीपासूनची होती. फिनिआस पेट या जहाजबांधणीच्या मुख्य कारागिराने १६०७ मध्ये एक प्रतिकृती बऱ्याच अंशी स्वतःच्या हातांनी घडवली आणि ती नौदलप्रमुखापुढे ठेवली. पहिल्या जेम्स राजाने ती पाहिली, आणि त्यातून ‘प्रिन्स रॉयल’ या प्रचंड युद्धनौकेचे काम पेटकडे आले. अन्य अनुभवी कारागिरांना हे रुचले नाही. त्यांनी पेटच्या कौशल्यावर, लाकडाच्या प्रतीवर आणि खर्चावर आक्षेप घेतले, आणि प्रकरण इतके वाढले की १६०९ मध्ये राजाने स्वतः वुलिचच्या गोदीत जाऊन चौकशी चालवली. पेट निर्दोष ठरला व जहाज १६१० मध्ये पाण्यात उतरले. या वादाकडे प्रतिकृतीच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे, कारण प्रतिकृतीने राजाला जहाजाचा डौल, मजले आणि कोरीवकाम दाखवले होते. त्यासाठी तोडलेले लाकूड पुरते वाळले आहे की ओले, हे मात्र ती दाखवू शकत नव्हती, आणि विरोधकांचा एक मोठा आक्षेप नेमका तिथेच होता.

प्रतिकृतीचा दुसरा उपयोग शिकवण्याचा होता, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण सॅम्युएल पीप्स हे आहे. १६६० मध्ये नेव्ही बोर्डाच्या कारभारात शिरलेल्या या अधिकाऱ्याला समुद्राची काहीच माहिती नव्हती. १६६२ च्या उन्हाळ्यात त्याने कूपर नावाच्या एका दर्यावर्दीकडून आधी गुणाकाराचे पाढे आणि मग कचेरीतल्या प्रतिकृतीवर बोट ठेवून जहाजाच्या अंगोपांगांची नावे शिकून घेतली. लाकूड-पुरवठादार आणि गोदीतले अधिकारी आपल्याला फसवू शकणार नाहीत इतके ज्ञान मिळवणे हा त्याचा हेतू होता, आणि पुढे इंग्लंडच्या नौदलाची घडी बसवणाऱ्या माणसाचे शिक्षण अशा रीतीने एका छोट्या लाकडी जहाजापाशी सुरू झाले. पीप्सने नंतर स्वतः प्रतिकृती जमवल्या आणि १७०३ मध्ये मृत्यूपूर्वी त्या आपला सहकारी विल्यम ह्यूअर याच्या नावे केल्या; त्यानंतर त्या संग्रहाचा माग लागत नाही. त्याच कारभारातला दुसरा अधिकारी चार्ल्स सर्जिसन यानेही प्रतिकृती आपल्या ससेक्समधल्या घरी नेल्या, आणि त्याच्या वंशजांनी त्या दोनशे वर्षे सांभाळल्या, म्हणून आज त्या पाहता येतात. हा संग्रह विसाव्या शतकात हेन्री हटलस्टन रॉजर्स या अमेरिकी धनिकाने विकत घेतला व मृत्युपत्राने अनापोलिसच्या नौदल अकादमीला दिला. इंग्लंडच्या शाही गोद्यांमधली ही जहाजे त्यामुळे आज अमेरिकेच्या नौदल-छात्रांसमोर उभी आहेत.

या प्रतिकृतींची घडण बारकाईने पाहावी अशी आहे. बहुतेकींचे प्रमाण एका फुटास पाव इंच, म्हणजे अठ्ठेचाळिसास एक, असे असे. १७६५ मध्ये चॅटमच्या गोदीतून पाण्यात उतरलेल्या ‘व्हिक्टरी’चे उदाहरण घेतले तर तिच्या तोफांच्या मजल्याची १८६ फूट लांबी या प्रमाणात साडेसेहेचाळीस इंच भरते, म्हणजे चार फुटांहून थोडी कमी. एवढ्या आकारात तोफेची खिडकी, जिन्याची पायरी आणि नांगराचा दोर गुंडाळण्याचे यंत्र ही सारी अंगे ओळखू येतील अशी घडवता येतात. खरी जहाजे ओकची असत, परंतु ओकचे रेषे जाड असल्याने लहान आकारात ते लाकूड भरड दिसते व फुटते. म्हणून प्रतिकृतीसाठी नासपतीचे, आणि कोरीवकामासाठी बॉक्स या झुडपाचे घट्ट, बारीक रेष्यांचे लाकूड वापरीत. पिछाडीच्या दालनांच्या खिडक्यांना अभ्रकाचे पातळ पापुद्रे लावीत. नाळेवरची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरची, सिंहाची किंवा घोडेस्वाराची मूर्ती बोटभर उंचीची असली तरी तिच्या चेहऱ्यावरचे भाव स्पष्ट असत, आणि वर सोन्याचा मुलामा असे. खर्च आवरण्यासाठी १७०३ मध्ये जहाजांवरील कोरीवकामावर निर्बंध आले, आणि त्या वर्षाच्या अलीकडच्या व पलीकडच्या प्रतिकृती शेजारी ठेवल्या तर हा हुकूम कागद न वाचताही समजतो.

या प्रतिकृतींचे सर्वांत विशेष लक्षण त्यांच्या खालच्या भागात आहे. पाण्याच्या रेषेखाली फळ्या मारलेल्या नसतात. जहाजाच्या बरगड्या, म्हणजे कण्यापासून दोन्ही बाजूंना वर वळत जाणारे आधाराचे वाकडे लाकूड, उघड्या ठेवलेल्या असतात आणि त्यांच्या फटींतून आतले मजले दिसतात. पाहणाऱ्याला वाटते की खरे जहाज असेच जोडले जात असावे. तसे नव्हते. खऱ्या जहाजात बरगड्या कितीतरी अधिक दाट बसवलेल्या आणि वेगळ्या रीतीने जोडलेल्या असत. प्रतिकृतीतली मांडणी ही एक ठरून गेलेली शैली होती, जिच्यात लाकडांची टोके एकमेकांना ठरावीक अंतरावर ओलांडून जातात आणि त्यातून प्रकाश व सावलीचे सुरेख पट्टे तयार होतात. डोलकाठ्या व शिडेही पुष्कळदा नसतच. प्रतिकृती जहाजाच्या आधी घडवली जाई की नंतर, यावर अभ्यासकांत बरीच चर्चा झाली आहे, परंतु या उघड्या बरगड्याच सांगतात की ती गोदीतल्या सुतारासाठी घडवलेली नव्हती. सुताराला तिच्यावरून जहाज बांधता आले नसते आणि त्याला तिची गरजही नव्हती. तो मोठ्या फरशीवर पूर्ण आकारात रेखलेल्या वक्ररेषांवरून काम करी. प्रतिकृती होती ती ज्याला त्या रेषा उमगत नसत, परंतु ज्याच्या सहीवाचून एकही झाड तोडता येत नसे, त्याच्यासाठी. जहाजाचे पोट उघडे दाखवून कारागीर पैसा देणाऱ्याला जणू सांगत असे की तुमचा पैसा कुठे जातो ते पाहा.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या भूमिकेचा एक उल्लेखनीय प्रसंग घडला. लाकडी जहाजाचा मोठा शत्रू म्हणजे उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारा किडा, आणि त्यावर पश्चिम भारताच्या किनाऱ्यावर तेलात कालवलेल्या चुन्याचा थर देण्याची रीत होती. इंग्रज नौदलाने मात्र तांब्याच्या पत्र्याचा मार्ग धरला. पत्र्यामुळे किडा लागत नाही, तळाला शेवाळ व शिंपले चिकटत नाहीत आणि जहाज वेगाने चालते, परंतु खर्च अफाट होता, शिवाय तांब्याच्या सान्निध्यात लोखंडी खिळे झिजत. १७७८ मध्ये नेव्ही बोर्डाचा प्रमुख झालेल्या चार्ल्स मिडलटनने सगळ्या आरमाराला तांबे मढवण्याचा आग्रह धरला. तिसऱ्या जॉर्ज राजाचे मन वळवण्यासाठी ‘बेलोना’ या चौऱ्याहत्तर तोफांच्या नौकेची प्रतिकृती वापरली गेली, असे मानले जाते. ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयातल्या या प्रतिकृतीच्या तळावर खऱ्या तांब्याचे इवलेसे पत्रे रांगांनी बसवलेले आहेत. लोखंडी खिळ्यांची अडचण पुढे मिश्रधातूचे खिळे आल्यावर सुटली.

याच काळाच्या शेवटी, अगदी निराळ्या हातांनी आणि निराळ्या हेतूने घडलेल्या प्रतिकृती इंग्लंडमध्ये दिसू लागल्या. फ्रान्सशी चाललेल्या दीर्घ युद्धात पकडलेले हजारो खलाशी व सैनिक नॉर्मन क्रॉस येथे १७९७ मध्ये खास उभारलेल्या छावणीत, डार्टमूरच्या तुरुंगात आणि बंदरात नांगरलेल्या जुन्या जहाजांवर वर्षानुवर्षे डांबले गेले होते. त्यांच्यात सुतार, सोनार आणि हस्तिदंतावर कोरीवकाम करणारेही होते, कारण फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे दिएप हे शहर त्या कामासाठी प्रसिद्ध होते. हस्तिदंत मिळणे शक्य नव्हते. रोजच्या शिध्यातले हाड मिळत होते. ते उकळून, पांढरे करून, त्याच्या पातळ पट्ट्या लाकडी गाभ्यावर बारीक धातूच्या खिळ्यांनी ठोकीत, दोरखंडांच्या जागी रेशीम किंवा केस वापरीत, आणि पिछाडीला एक दोरी ठेवीत, जी ओढली की सगळ्या तोफा एकदम आत जात. हे काम तुरुंगाच्या दाराशी भरणाऱ्या बाजारात विकले जाई व त्या पैशावर अन्न-तंबाखू मिळे. मापाच्या दृष्टीने या प्रतिकृती सदोष आहेत: डोलकाठ्या प्रमाणाबाहेर उंच, तोफा गरजेपेक्षा जास्त, आणि गिऱ्हाईक इंग्रज असल्याने नाव बहुधा इंग्रज जहाजाचे. तरीही नेव्ही बोर्डाच्या निर्दोष, शीडविरहित प्रतिकृतींत जी गोष्ट सापडत नाही ती यांत आहे. ज्यांनी परबाणावर, म्हणजे शीड बांधण्याच्या आडव्या काठीवर, वाऱ्यात उभे राहून शिडे गुंडाळली होती, त्यांच्या हातांना एकेका दोराची जागा पाठ होती, आणि त्यामुळे या हाडांच्या जहाजांचा वरचा भाग विलक्षण जिवंत आहे.

अमेरिकेच्या सेलम शहरात असलेल्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेच्या प्रतिकृतीचा संबंधही बंदिवानांशी येतो. आयझॅक हल या कप्तानाने १८१३ मध्ये ती तिथल्या ईस्ट इंडिया मरीन सोसायटीला, म्हणजे पूर्वेकडच्या समुद्रांवर जाऊन आलेल्या कप्तानांच्या मंडळाला, भेट दिली, आणि पुढच्याच वर्षी तिची दुरुस्ती करणारे हात इंग्रज युद्धकैद्यांचे होते. या नौकेची एक कृती मुंबईपर्यंत येऊन पोहोचते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे तिने ‘जावा’ हे इंग्रज जहाज निकामी करून पकडले. या जहाजावर मुंबईच्या गोदीकडे निघालेला तांब्याचा साठा आणि एका नव्या युद्धनौकेचे आराखडे होते. आराखडे नष्ट झाले, इंग्लंडहून दुसरा संच पाठवावा लागला, आणि जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारच्या सागाची ‘ट्रिंकोमाली’ बांधून १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरवली.

वाडिया घराण्याचा मूळपुरुष लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आला होता. त्याच्या वंशजांनी बांधलेली ‘मिंडेन’ १८१० मध्ये तयार झाली आणि ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ मध्ये. चीनवर लादलेला नानकिंगचा तह १८४२ मध्ये याच ‘कॉर्नवॉलिस’वर झाला. लंडनच्या मंडळाला मुंबईच्या गोदीशी बोलायचे होते ते कागदी रेषांच्या भाषेत, आणि ती भाषा वाचणारा कारागीर इथे असल्यामुळे आराखडा हरवल्यावर दुसरा आराखडा पाठवणे पुरेसे ठरले. राजाला समजण्यासाठी जे लाकडात घडवावे लागत होते, ते जमशेटजींना कागदावरच दिसत होते, आणि त्यांच्या कौशल्याचे मोठेपण मोजण्यासाठी ही तुलना पुरेशी आहे. म्हणूनच या जहाजांच्या प्रतिकृती करू पाहणाऱ्या आजच्या कारागिराची स्थिती एकेका नौकेनुसार बदलते. ‘मिंडेन’ १८६१ मध्ये हाँगकाँगला मोडीत निघाली आणि ‘कॉर्नवॉलिस’ १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या शिअरनेसला, म्हणून त्यांच्यासाठी रेखाचित्रे व चित्रे यांवरच भागवावे लागते. ‘ट्रिंकोमाली’ मात्र इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात आजही तरंगते आहे, आणि तिच्या सागवानी बरगड्यांचे माप प्रत्यक्ष घेता येते.