साहेबांचं टेन्शन

माझे बाबा तालुक्याच्या गावी एका सरकारी कचेरीत कारकून होते. २००४ साली, वयाच्या ५१व्या वर्षी, त्यांना हार्ट अटॅक आला. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "टेन्शन साहेबांना असतं हो, तुम्हाला कसलं?" बाबा नुसते हसायचे. मला मात्र तो प्रश्न बोचायचा.

नोकरीच्या निमित्ताने लंडनला आलो आणि त्याचं उत्तर इथल्या व्हाइटहॉलमध्ये सापडलं. व्हाइटहॉल म्हणजे लंडनमधला सरकारी कचेऱ्यांचा रस्ता, आपल्या मंत्रालयासारखंच प्रस्थ! १९६७ साली डोनाल्ड रीड आणि जेफ्री रोझ या डॉक्टरांनी तिथल्या सुमारे साडेसतरा हजार पुरुष नोकरांची तपासणी सुरू केली. हृदयविकार हा बड्या साहेबांचा आजार, अशी तेव्हा समजूत होती. ही सगळी माणसं एकाच शहरात काम करणारी, नोकरी पक्की, दवाखाना फुकट. फरक मुख्यतः हुद्द्याचा.

१९७८ साली मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेसात वर्षांचा हिशेब मांडला. तो निघाला उलटाच. सगळ्यात खालच्या श्रेणीत, म्हणजे शिपायांमध्ये, हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या ३.६ पट होतं. मधले कारकून मधेच. एकेक पायरी खाली उतरावं तसा धोका वाढत जाणारा. खालचे लोक सिगरेटी जास्त ओढत, हे खरं. पण सिगरेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरलं तरी बराचसा फरक उरलाच. (आम्हा प्रोग्रॅमर लोकांना हे ओळखीचं आहे. संशयित सगळे तपासून झाले तरी बग जागेवरच!)

म्हणून १९८५ मध्ये दुसरी पाहणी सुरू झाली. १०,३०८ जण, या वेळी बायकाही. त्यांना विचारलं गेलं की काम कसं आणि कधी करायचं हे तुम्ही ठरवता का? ज्यांच्या हातात काहीच नव्हतं त्यांना हृदयविकार जास्त झाला, असं १९९७ साली प्रसिद्ध झालं.

ताण आला की अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, नाडी धावते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर उतरते. समोर वाघ असेल तर हे उपयोगाचं. वाघ निघून जातो, शरीर निवतं. पण साहेबांच्या केबिनची बेल दिवसभर कधीही वाजणार असेल तर शरीराने निवायचं कधी? बाबांची रजासुद्धा साहेबांच्या मर्जीवर असायची. आमच्या मुंजीला ते आदल्या रात्री साडेअकराला पोचले होते.

हे सगळं मी फोनवर बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे शिपाईमामांचं माझ्यापेक्षा वाईट." आणि थोड्या वेळाने, "तुझं काम कोण ठरवतं रे?"

क्लायंट ठरवतो. मी आईला फोन द्यायला सांगितला.