दुधाविना पंगत: लंडन, टॉल्स्टॉय फार्म आणि ‘व्हीगन’ शब्दाचा जन्म

व्हीगन मंडळींनी केवळ आपल्यापुरती खानावळ, वसतिगृह किंवा मेळावा चालवावा का, हा प्रश्न अलीकडे वारंवार पुढे येतो. एक पक्ष म्हणतो, दुधातुपाने भरलेल्या या जगात आम्हांला एक ताट तरी निर्धास्तपणे जेवता यावे. दुसरा म्हणतो, ‘फक्त अमुकांसाठी’ ही पाटी आपल्या देशात फार जुनी आहे आणि तिच्यामागे काय दडलेले असते ते आम्ही भोगलेले आहे. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. मात्र हा वाद आजचा नव्हे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत तो वेगवेगळ्या स्वयंपाकघरांत लढला गेला आहे, आणि त्यांपैकी काहींत एक ओळखीचा माणूस बसलेला आढळतो. आजचा धागा त्याविषयी. थोडा लांबेल, सवडीने वाचावा.

सप्टेंबर १८८८ च्या अखेरीस मोहनदास गांधी लंडनला उतरले, तेव्हा त्यांचे एकोणिसावे वर्ष संपत आले होते. मद्य, मांस आणि परस्त्री यांना शिवणार नाही, अशी शपथ बेचरजी स्वामी या जैन साधूंच्या साक्षीने आईला दिलेली. शपथ पाळायची तर खायचे काय? घरमालकीण वाढेल ती पावाची चकती आणि उकडलेली बेचव भाजी, यावर तरुण पोट कसे भरणार? अधिक मागायचा संकोच. असे कित्येक दिवस अर्धपोटी हिंडल्यावर फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना ‘सेंट्रल’ नावाचे शाकाहारी उपाहारगृह सापडले. इंग्लंडात आल्यापासूनचे पहिले पोटभर जेवण तिथे झाले, असे आत्मकथेत नमूद आहे. तिथेच विक्रीस ठेवलेले हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराची कैफियत मांडणारे छोटेखानी पुस्तक त्यांनी एका शिलिंगाला घेतले. तोवर आईच्या शब्दाखातर पाळलेला नियम त्यानंतर स्वतःच्या पसंतीचा झाला.

हा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. परंतु असे उपाहारगृह मुळात तिथे होते कशासाठी, हे क्वचितच विचारले जाते. १८८० च्या दशकात लंडनमध्ये अशी काही डझन उपाहारगृहे निघाली. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे काही केवळ प्राणिदयेने भारावलेली मंडळी नव्हती. थोड्या पेन्सांत जेवण हवे असलेले कारकून आणि दुकानांतील नोकर तिथे येत. बहुतेक ठिकाणी मद्य मिळत नसे; त्यामुळे एकट्या स्त्रीला लोकांच्या नजरा न झेलता जेवता येईल अशा मोजक्या जागांत त्यांची गणना होई. विसाव्या शतकाच्या आरंभी मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांनी याच जागांचा आधार घेतला. चँडोस स्ट्रीटवरील युस्टेस माइल्स यांच्या उपाहारगृहात तुरुंगातून सुटलेल्या स्त्रियांच्या स्वागताच्या न्याहाऱ्या होत. हे माइल्स स्वतः नामांकित रॅकेटपटू, १९०८ च्या ऑलिंपिकमधील रौप्यपदक विजेते. पण इतिहासाने त्यांच्या खेळापेक्षा त्यांच्या टेबलांची आठवण अधिक ठेवावी, असे माझे मत आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या स्वयंपाकघरात मांस शिजत नसे, हा नियम पक्का होता. आत येणाऱ्याला मात्र तो घरी काय खातो, कोणत्या कुळातला, कोणत्या धर्माचा, असे कोणी विचारीत नसे. नियम ताटाला होता. वसाहतीतून आलेला एक बुजरा हिंदी विद्यार्थी तिथे निमूटपणे बसू शकला तो यामुळेच.

तरीही नियम ताटावरून माणसावर सरकायला वेळ लागत नाही. याचा अनुभव त्याच विद्यार्थ्याला दोनतीन वर्षांत आला. १८८८ साली निघालेल्या लंडन व्हेजिटेरियन सोसायटीच्या कार्यकारी समितीवर गांधी निवडून आले होते. सोसायटीचे अध्यक्ष आर्नल्ड हिल्स हे थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्याचे मालक. कारखान्याच्या ज्या फुटबॉल संघातून पुढे वेस्ट हॅम युनायटेड उभा राहिला, त्याचे आश्रयदातेही हेच. सोसायटी बव्हंशी त्यांच्याच पैशावर चाले. नीतीच्या बाबतीत हिल्स कमालीचे कडक. समितीवर डॉ. थॉमस अ‍ॅलिन्सन नावाचे एक शाकाहारी वैद्य होते आणि ते संततिनियमनाचा उघड प्रचार करीत. हिल्स यांच्या मते हा नीतीवर घाला होता. अशा माणसाला सोसायटीत स्थान नको, असा ठराव १८९१ मध्ये पुढे आला.

संततिनियमनाविषयी गांधींचे मत हिल्स यांच्याच बाजूचे होते. तरीही ते अ‍ॅलिन्सन यांच्या बाजूने उभे राहिले. सोसायटीचा हेतू शाकाहाराचा प्रसार हा आहे, विशिष्ट नीतिशास्त्राचा नव्हे; तेव्हा शाकाहारी माणसाला अन्य मतांसाठी बाहेर काढता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद. तो त्यांनी लिहून आणला खरा, पण सभेत उभे राहून वाचण्याचे धैर्य होईना. अखेर दुसऱ्याने वाचून दाखवला. ठराव जिंकला, अ‍ॅलिन्सन गेले. यानंतर आपणही समितीचा राजीनामा दिल्याची अंधुक आठवण गांधींनी नोंदवली आहे. पुढे ज्यांच्या एका शब्दावर देश चालला, त्यांची सार्वजनिक जीवनातील ही अगदी आरंभीची लढत, आणि तीत पराभव. विषय होता, एका लहानशा पंगतीत कोणाला बसू द्यायचे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण अर्धशतक आधीचे, अमेरिकेतले. जून १८४३ मध्ये ब्रॉन्सन अल्कॉट आणि चार्ल्स लेन यांनी मॅसॅच्युसेट्समधील हार्वर्ड या गावी ‘फ्रूटलँड्स’ नावाची वसाहत थाटली. मांस नाही, दूध नाही, अंडी नाहीत. कापूस गुलामांच्या घामातून येतो म्हणून सुती कपडा नाही. लोकर मेंढीची म्हणून तीही नाही. अंगात तागाचे कपडे. नांगराला जनावर जुंपणे हाही अन्याय. ‘व्हीगन’ हा शब्द जन्मण्याच्या शंभर वर्षे आधीची ही व्हीगन वसाहत. तत्त्व उदात्त होते यात शंका नाही. परंतु पुरुषमंडळी तत्त्वचर्चेला वा व्याख्यानाला निघाली की रांधणे, धुणे, पीक घरात आणणे हे सारे अल्कॉट यांच्या पत्नी अ‍ॅबिगेल आणि मुली यांच्या माथी. या मुलींपैकी लुईझा तेव्हा दहा वर्षांची होती. पुढे लेखिका म्हणून नावारूपास आल्यावर तिने १८७३ साली या दिवसांचे उपहासपर कथन लिहिले. त्यात माशाचा एक तुकडा खाल्ल्याच्या अपराधासाठी एका बाईंना वसाहत सोडावी लागते. थंडी आली, धान्य पुरेना, आणि जानेवारी १८४४ मध्ये वसाहत मोडली. जेमतेम सात महिने.

या वसाहतीतील जोसेफ पामर नावाच्या शेतकऱ्याबद्दल मला विशेष ममत्व वाटते. दाढी ठेवण्याची चाल नसलेल्या काळात त्याने दाढी राखली, त्यापायी झालेल्या मारामारीवरून तुरुंगातही जाऊन आला. फ्रूटलँड्स मोडल्यावर ती जमीन पुढे त्यानेच घेतली आणि येणाऱ्याजाणाऱ्या कोणाही वाटसरूला त्याच्या चुलीवरचे जेवण मिळत राहिले. काटेकोर नियमांच्या जागेचे शेवटी अन्नछत्र झाले.

आता पुन्हा गांधींकडे, कारण माझ्या मते या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक दिलेले उत्तर जोहान्सबर्गजवळ सापडते. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांची कुटुंबे उघड्यावर पडत होती. १९१० साली हर्मन कॅलनबाख या जर्मन-ज्यू वास्तुविशारद मित्राने सुमारे ११०० एकरांची जमीन त्यांच्या वापरासाठी दिली. हेच टॉल्स्टॉय फार्म. तिथे हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती सगळे एकत्र राहणार; गुजराती, तमिळ, तेलुगू, हिंदी बोलणारे. स्वयंपाकघर एकच ठेवावे, असे ठरले. पण त्यात मांस शिजवायचे की नाही?

गांधींसमोरचा पेच खरा होता. ज्यांचे पती वा पुत्र तुरुंगात आहेत, ज्या स्वतः हालअपेष्टा सोसत आहेत, अशा स्त्रियांवर आपला आहार लादण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? त्यांनी मनाशी ठरवले की मुसलमान आणि ख्रिस्ती मंडळींनी मांस मागितले, अगदी गोमांस मागितले, तरी ते पुरवले पाहिजे. नकार देता येणार नाही. एका वैष्णव घरातल्या माणसाने हे लिहून ठेवले आहे, याचे मोल आपण नीट जोखत नाही. मग त्यांनी प्रश्न ज्यांचा त्यांच्यापुढेच ठेवला. मुसलमान मित्रांनी शाकाहारी स्वयंपाकघराला आधीच संमती दिली होती. ख्रिस्ती भगिनींनीही दिली. स्वयंपाकघर शाकाहारी झाले ते असे. रमजानमध्ये मुसलमान तरुणांना रोजे पाळता यावेत म्हणून वेळा बदलल्या गेल्या, आणि इतरांपैकी अनेकांनी त्यांच्या सोबतीने उपवास धरले.

याच फार्मवर १९१२ मध्ये गांधी आणि कॅलनबाख यांनी दूध सोडले. संयमाचा विचार त्यामागे होताच. पण कलकत्त्यात गाईम्हशींचे दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी गवळी त्यांचे जे हाल करीत, त्याची वर्णनेही गांधींच्या वाचनात आली होती. यापुढे दूध नाही, हे व्रत. सहा वर्षे ते टिकले. मग आजारपण आले. माथेरानच्या हवेनेही सुधारणा होईना. मुंबईत डॉ. दलाल यांनी स्पष्ट सांगितले की दूध घेतल्याशिवाय शरीर उभे राहणार नाही. व्रत घेताना डोळ्यांपुढे गाय आणि म्हैस होत्या, शेळी नव्हती, ही पळवाट कस्तुरबांनी दाखवली. गांधींनी ती स्वीकारली आणि पुढे आयुष्यभर तिची खंत बाळगली.

दूध सोडणाऱ्यांना शाकाहारी मंडळींतही थारा मिळत नव्हता, हे ब्रिटनमध्ये उघड झाले १९४४ साली. डोनल्ड वॉटसन हे सुतारकाम शिकवणारे शिक्षक. चौदाव्या वर्षी मांस सोडलेले, दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले. दूध आणि अंडीही न खाणाऱ्या सभासदांसाठी मुखपत्रात थोडी जागा आणि स्वतंत्र गट असावा, अशी विनंती त्यांनी व्हेजिटेरियन सोसायटीला केली. सोसायटीने सहानुभूती दाखवली, जागा नाही. तेव्हा नोव्हेंबरमध्ये, लंडनवर व्ही-२ अग्निबाण पडत असताना, होबर्न येथील ॲटिक क्लबात मोजकी मंडळी जमली. एल्सी श्रिग्ली त्यांच्यात होत्या. ‘व्हेजिटेरियन’ शब्दाचे आद्य आणि अंत्य भाग जोडून ‘व्हीगन’ हा शब्द घेतला गेला आणि व्हीगन सोसायटी उभी राहिली.

स्वतंत्र चूल मांडण्याची निकड समजून घ्यायची तर त्या काळची शिधापत्रिका पाहावी. शाकाहारी म्हणून नाव नोंदवल्यास मांसाऐवजी जादा चीज मिळे. चीज न खाणाऱ्याला त्याचा काय उपयोग? बी-१२ हे जीवनसत्त्व वेगळे काढण्यात आले १९४८ साली. तोवर या आहारात नेमके काय कमी पडते, हे कोणालाच माहीत नव्हते. एकमेकांचे अनुभव हाच दवाखाना. अशा वेळी आपल्यासारख्यांची वेगळी बैठक हा अहंकार नसून गरज असते. पुढे १९७९ मध्ये सोसायटीने आपली व्याख्या पक्की केली, तेव्हा प्राण्यांचे शोषण टाळण्याला ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितके’ अशी मर्यादा घातली गेली. आजारी, गरीब, औषधांवर जगणाऱ्या माणसाला आत राहता येते ते या चार-पाच शब्दांमुळे.

आपल्याकडे हा इतिहास जसाच्या तसा लागू होत नाही. इथे ‘शाकाहारी’ या शब्दाआधी ‘शुद्ध’ लागतो, आणि शुद्ध म्हटले की अशुद्ध कोण, हे न बोलता ठरते. मुंबईत घर भाड्याने घेताना तुम्ही काय खाता हा प्रश्न आडनावापाठोपाठ येतो. तिथे चौकशी स्वयंपाकाची नसते, माणसाची असते. गंमत अशी की खऱ्या व्हीगन माणसाला ‘शुद्ध शाकाहारी’ पाटीखाली तूप, ताक, पनीर वगळता फारसे काही उरत नाही. उलट ज्वारीची भाकरी, ठेचा, झुणका आणि कांदा, हे कष्टकऱ्याचे जेवण पिढ्यान्‌पिढ्या दुधातुपाविना चालत आले, कारण तूप परवडतच नव्हते. त्याला कोणी व्रत म्हटले नाही. व्हीगन खानावळीने ही पंगत आपली मानली तर तिच्या दारात वेगळीच माणसे येतील.

शेवटी १९३१ ची एक सभा. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेल्या गांधींना २० नोव्हेंबर रोजी जुन्या लंडन व्हेजिटेरियन सोसायटीने बोलावले. शेजारी ऐंशी वर्षांचे हेन्री सॉल्ट बसले होते, त्या एका शिलिंगाच्या पुस्तकाचे लेखक. शाकाहारी लोक अन्न आणि आजार यांखेरीज दुसरे काही बोलतच नाहीत, असा आपला जुना अनुभव गांधींनी त्यांना तोंडावर सांगितला. इतरांना आपल्या बाजूला आणायचे तर सहिष्णुता हवी, थोडी नम्रताही हवी, असेही सांगितले. आणि दूध सोडण्याचे आपले व्रत कसे अपुरे राहिले, तेही त्याच श्रोत्यांपुढे मांडले. ॲटिक क्लबातील बैठकीला तेव्हा तेरा वर्षे अवकाश होता.