रोहिणीताई भाटे आणि त्यांची नृत्यभारती

यंदाच्या वर्धापनदिनी मुलींचे नृत्य ठेवावे असे निघाले तेव्हा दोघी-तिघींनी नाके मुरडली. "चांगल्या घरच्या मुलींनी का नाचायचे?" पंचमीला आपण फेर धरतो, फुगड्या घालतो, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारीत नाही. असो. मला वाचनाची आवड, म्हणून पुण्याच्या रोहिणीताई भाटे यांची हकीकत लिहिते.

रोहिणीताईंचा जन्म १४ नोव्हेंबर १९२४ रोजी पाटण्यास झाला. शिक्षण मात्र पुण्यात. १९४६ साली फर्ग्युसन कॉलेजातून त्या बी. ए. झाल्या आणि त्याच वर्षी जयपूर घराण्याच्या सोहनलालजींकडे कथ्थक शिकू लागल्या. त्या काळी नाच म्हटला की लोकांना बैठक नाहीतर तमाशाच आठवे. पदवी घेतलेल्या मुलीने पायात घुंगरू बांधणे म्हणजे केवढे धाडस! आणि लगेच १९४७ साली त्यांनी पुण्यात 'नृत्यभारती' काढली. देश स्वतंत्र झाला ते हे वर्ष. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. आपली सुटका १७ सप्टेंबर १९४८ ची.

मला सर्वांत नवल वाटते ते पुढचेच. स्वतःची संस्था काढूनही बाईंनी शिकणे थांबवले नाही. लखनौ घराण्याच्या लच्छू महाराजांकडे बारा वर्षांहून अधिक आणि मोहनराव कल्याणपूरकरांकडे पंधरा वर्षे त्या शिकल्या. लच्छू महाराज म्हणजे 'मुगल-ए-आझम' आणि 'पाकीझा' या चित्रपटांतली नृत्ये बसवणारे. गाणे कळल्याशिवाय नाच कळत नाही, म्हणून केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे गाणेही शिकल्या. आपण तर मुलीला एक परीक्षा झाली की पुरे म्हणतो!

कथ्थकमध्ये तीनतालाच्या सोळा मात्रा पायांनी चोख मोजायच्या, समेवर नेमके यायचे, आणि चेहऱ्याने गोष्टही सांगायची. रोहिणीताईंनी त्यात कालिदासाचे 'ऋतुसंहार' आणि ऋग्वेदातले उषासूक्त बसवले. १९५२ साली भारताच्या सांस्कृतिक मंडळाबरोबर त्या चीनला जाऊन आल्या. लिहिण्यातही मागे नव्हत्या. इसाडोरा डंकन या अमेरिकन नर्तकीचे आत्मचरित्र त्यांनी मराठीत आणले, आणि 'माझी नृत्यसाधना' हे स्वतःचे पुस्तक लिहिले. १९७९ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातही त्यांनी शिकवले.

१० ऑक्टोबर २००८ रोजी त्या गेल्या. त्यांच्या शिष्यांपैकी प्रभा मराठे, शमा भाटे यांनी पुढे आपापल्या संस्था काढल्या. शमाताई तर त्यांच्या सूनबाई. सासूने सुनेला नाच शिकवावा, हे आमच्या आळीत सांगितले तर कोणी खरे मानणार नाही!

नांदेडहून आठवड्यातून एकदा शिक्षिका बोलवायची तर निदान आठ-दहा मुली हव्यात. माझ्या पुतणीचे नाव मी दिले आहे. बाकीच्यांनी आपल्या मुलींची नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.