शोधाची वाट : आकाश, पेशी आणि बातमी



गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची नववीची सहल पन्हाळा पाहून परतताना जोतिबाच्या डोंगरावर थांबली होती. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे अठरा किलोमीटरवर, वाडी रत्नागिरी या गावी हे देवस्थान आहे, हे आपणा सर्वांस ठाऊक आहेच. चैत्री यात्रेत इथे उंच सासनकाठ्या नाचतात आणि सारा डोंगर गुलालाने न्हाऊन निघतो. आम्ही गेलो तेव्हा मात्र गर्दी नव्हती. मुलांनी डबे सोडले, सूर्य मावळला आणि पश्चिमेला चंद्राची बारीक कोर दिसू लागली. तेव्हा एका मुलाने मला विचारले, "सर, जोतिबाची यात्रा दरवर्षी उन्हाळ्यातच येते. मग आपला रमजान कधी पावसाळ्यात, कधी थंडीत कसा येतो? चंद्र तर एकच आहे!"

मी इतिहासाचा शिक्षक. तरीही या प्रश्नाचे उत्तर देता आले याचे मला समाधान वाटले. चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत पुरे होतात. सूर्याच्या वर्षापेक्षा ते अकरा दिवसांनी कमी भरतात. पंचांगकर्ते साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक अधिक मास धरून ही तूट भरून काढतात, म्हणून चैत्र आपल्या ऋतूत राहतो. हिजरी सनात अधिक मास नाही, म्हणून रमजान दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सर्व ऋतूंची फेरी पुरी करतो. २०२३ साली गुढीपाडवा २२ मार्चला होता आणि आपल्याकडे रमजानचा पहिला रोजा २४ मार्चला. त्या वर्षी चैत्र आणि रमजान एकाच चंद्राबरोबर चालले.

मुलाचा प्रश्न साधा होता. पण संशोधनाची सुरुवात अशाच प्रश्नातून होते. प्रस्तुत लेखात तीन क्षेत्रांतील संशोधनाचा थोडा इतिहास आपल्यापुढे ठेवण्याचा विचार आहे : आकाशाचे शास्त्र, कर्करोगाचे शास्त्र आणि बातमीच्या जोरावर चालणारी चळवळ. ही क्षेत्रे एकमेकांपासून फार दूर दिसतात. पण तिन्हींतील वाट एकच आहे, असे मला वाटते.

डोंगरावरूनच आरंभ करू. इ. स. ९७३ मध्ये ख्वारिज्म प्रांतात जन्मलेला अल-बिरूनी हा थोर विद्वान हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला आणि सुमारे १०३० साली त्याने हिंदुस्थानाविषयीचा आपला प्रसिद्ध ग्रंथ पुरा केला. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून त्याने पृथ्वीची त्रिज्या मोजली. रीत अशी : प्रथम डोंगराची उंची मोजावयाची. मग माथ्यावर उभे राहून क्षितिज डोळ्यांच्या समपातळीपेक्षा किती अंशांनी खाली दिसते, तो कोन मोजावयाचा. पृथ्वी गोल असल्यामुळे तो कोन आणि डोंगराची उंची यांवरून त्रिज्या काढता येते. मुलांनी लगेच "आपणही मोजू या" असा आग्रह धरला. जोतिबावरून पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा आड येतात, मोकळे सपाट क्षितिज मिळत नाही, म्हणून ते गणित इथे नीट जमणार नाही, हे त्यांना सांगावे लागले. पण कोणती मोजणी कोठे जमत नाही, हे कळणे हेही शिक्षणच आहे.

आकाशशास्त्राशी आपल्या कोल्हापूरचे नातेही जवळचे आहे. डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही कोल्हापूरचेच. ते बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. जयंतराव केंब्रिजला गेले आणि फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. विश्व एका महास्फोटातून जन्मले, हे मत त्यांना पटत नव्हते. १९६५ साली अवकाशातील सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा शोध प्रसिद्ध झाला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकरांनी वाद सोडला नाही. १९९३ साली सहकाऱ्यांसह त्यांनी आपला सिद्धांत सुधारून पुन्हा मांडला. आजही बहुमत त्यांच्या बाजूचे नाही. तरी त्यांचा मान कमी झाला नाही, कारण त्यांनी मतभेद केला तो गणिताने आणि पुराव्याने. १९७२ साली ते मायदेशी परतले आणि १९८८ साली पुण्यात 'आयुका' ही संस्था उभी राहिली तेव्हा तिचे पहिले संचालक झाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांचे एक काम पालकांनी आवर्जून ध्यानात ठेवावे असे आहे. पत्रिकेवरून मुलाची बुद्धी सांगता येते, हा दावा तपासण्यासाठी त्यांनी २००८ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साहाय्याने एक चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून कोणती कोणाची हे सांगितले. त्यांची उत्तरे सरासरी शेकडा ४६ बरोबर आली. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी शेकडा पन्नासच्या आसपास बरोबर आले असते! कोणाची टवाळी न करता, केवळ मोजून, एक मोठा समज तपासला गेला. तावीज आणि फुंकर यांवर विसंबून औषधपाणी लांबवणाऱ्या आपल्या घरांनीही यातून काही घ्यावे.

आता आकाशाकडून शरीराकडे वळू. आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. पेशी ठराविक मर्यादेत वाढतात, दुभंगतात आणि मरतात. एखाद्या पेशीची ही मर्यादा सुटली आणि ती बेसुमार वाढू लागली, की तिला आपण कर्करोग म्हणतो. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी रोगी तपासता तपासता त्यांच्या सवयींची नोंद ठेवण्यास सुरुवात केली. १९४५ साली त्यांनी आपल्या सहकारी सूर्याबाई यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. कमरेला घट्ट धोतर वर्षानुवर्षे बांधल्याने त्वचेला होणारा, चुट्टा ओढल्याने होणारा आणि खैनी तोंडात धरल्याने होणारा, असे कर्करोगाचे तीन प्रकार त्यात वर्णिले आहेत. म्हणजे रोगाचे मूळ नशिबात नव्हे, तर रोजच्या सवयीत शोधावे, हा धडा आपल्याच भूमीवर शिकवला गेला. शेजारच्या निपाणीची तंबाखू ज्यांच्या घरात रोज येते, त्यांना याहून अधिक काय सांगावे?

खानोलकरांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे. त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. तिने जीवशास्त्राची वाट धरली. १९४९ साली त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळाली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पेशी काचपात्रात वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या गरीब कृष्णवर्णी स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या पेशी जगभरच्या संशोधनाला उपयोगी पडल्या. पण त्या तिला न विचारता घेतल्या होत्या. विज्ञानाचा हा दोषही मुलांपासून लपवू नये. मायदेशी परतून रणदिवे यांनी मुंबईत ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, स्तनांच्या कर्करोगावर काम केले, १९७३ साली भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संघटना स्थापण्यात पुढाकार घेतला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

हे सारे मोठ्या पदव्यांचे काम आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून एक उदाहरण मुद्दाम देतो. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांना घेऊन एक मोठी पाहणी केली. गर्भाशयमुखाचा कर्करोग आरंभीच ओळखण्यासाठी तेथे फार महागडे यंत्र वापरले नाही. व्हिनेगरमध्ये असते त्याच आम्लाचे सौम्य द्रावण लावून नजरेने तपासावयाचे. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला : ज्या वस्त्यांत ही तपासणी झाली, तेथे या रोगाने होणारे मृत्यू शेकडा ३१ ने घटले. ही तपासणी केली ती डॉक्टरांनी नव्हे, तर निदान दहावीपर्यंत शिकलेल्या आणि खास प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी. "दहावी झाली, आता मुलीला पुरे" असे मला सांगणारे पालक दरवर्षी भेटतात. त्यांना मी विचारतो, दहावीचे शिक्षण इतके जीव वाचवू शकते, तर पुढचे किती वाचवील?

तिसरे क्षेत्र बातमीचे. छापखाना आल्यावर ज्यांचा आवाज कोणी ऐकत नव्हते, त्यांनी तो छापून ऐकवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. त्याच वर्षी २१ व २२ मार्चला कोल्हापूरजवळच्या माणगावी दोघेही परिषदेत एकत्र आले. एक पाक्षिक माणसांना जागे करू शकते, हे या मातीने पाहिले आहे. आज ते काम प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल करतो. २०११ साली इजिप्तच्या तरुणांनी त्याच्याच साहाय्याने कैरोच्या चौकात लाखो लोक जमवले. पण पाक्षिकाला संपादक असतो, मोबाइलला नसतो.

याचा दाखला मी स्वतःचाच देतो. काही वर्षांपूर्वी लिंबू-सोड्याच्या पाण्याने कर्करोग बरा होतो, असा संदेश मला आला. चांगल्या हेतूने मी तो उपचार घेत असलेल्या माझ्या एका चुलत्यांना पाठवला. पुढच्या भेटीत त्यांनी डॉक्टरांना विचारले, "आता इंजेक्शने बंद केली तर चालतील का?" डॉक्टरांनी वेळीच समजावले म्हणून बरे. बी. ए., बी. एड. झालेला मी, विद्यार्थ्यांना साधने तपासावयास शिकवणारा, आणि संदेश कोणी लिहिला हे मी एकदाही विचारले नव्हते! चाचांची माफी मागितली. ते हसले, पण मला हसू आले नाही.

ही चूक घरातच थांबली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे ती थांबली नाही. मुले पळवणारी टोळी आली आहे, या मोबाइलवरच्या अफवेने पिसाळलेल्या जमावाने भिक्षेसाठी आलेल्या भटक्या जमातीतील पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. त्याच वर्षी अमेरिकेतील एम. आय. टी. च्या संशोधकांनी ट्विटरवरील सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा शेकडा ७० ने अधिक असते आणि दीड हजार लोकांपर्यंत पोहोचण्यास खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागतो, असे त्यांना आढळले. आणि जून २०२३ मध्ये, ज्या वर्षी चैत्र आणि रमजान एकत्र आले त्याच वर्षी, मोबाइलवर ठेवलेल्या काही मजकुरांवरून आपल्या कोल्हापुरात बंद, दगडफेक आणि तणाव झाला व इंटरनेट काही काळ बंद ठेवावे लागले. त्या दिवसांत आपण मुलांना कसे सांभाळले, हे मी आपणास सांगावयास नको. कोवळ्या वयात एका बोटाने केलेली गोष्ट सबंध घराला आणि सबंध गावाला भोगावी लागते.

यावर उपाय परका नाही. हदीस जमवणाऱ्या आपल्या विद्वानांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी इस्नादची शिस्त घालून दिली. एखादे वचन कोणी कोणाकडून ऐकले, ही साखळी लिहून काढावयाची. प्रत्येक रावी खरा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकले त्याला तो भेटला तरी होता का, हे तपासावयाचे. साखळी तुटली तर वचन कितीही गोड असले तरी दुर्बल ठरवावयाचे. बिरूनीचा कोन, खानोलकरांची नोंदवही, नारळीकरांची चाचणी आणि ही इस्नाद, या चारही गोष्टी एकच सांगतात : ऐकले म्हणून मानू नये, पाहावे, मोजावे, मूळ विचारावे आणि चुकलो तर कबूल करावे.

१९०६ साली शाहू महाराजांनी पुढाकार घेऊन कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग सुरू केले, ते आपली मुले शिकावीत म्हणून. ते ऋण केवळ स्मरणिकेत आठवण काढून फिटणार नाही. पालकहो, मुलाने प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नका. उत्तर येत नसेल तर "मिळून शोधू" म्हणा. मुलीला दहावीनंतर विज्ञानाकडे जावेसे वाटले तर अडवू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, मोबाइलवर आलेला मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी त्याचा रावी कोण, एवढे विचारा. रावी सापडला नाही तर बोट आवरा.

त्या संध्याकाळी डोंगर उतरताना प्रश्न विचारणारा तो मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, तेहेतीस वर्षांचे तुम्ही सांगितले ते मी घरी कॅलेंडर घेऊन मोजून पाहतो." चार दिवसांनी त्याने वही आणली. एका ठिकाणी त्याची बेरीज चुकली होती. आम्ही दोघांनी ती दुरुस्त केली.