धुऱ्यावरचं पिवळं फूल आणि मुसळीची ओळख



मागच्या आठवड्यात कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या एका पोरानं फोटो पाठवला. धुऱ्यावर, पहिल्या पावसानंतर, जमिनीला चिकटून उमललेलं सहा पाकळ्यांचं पिवळं फूल. खाली प्रश्न, "काका, हे बुटकं डॅफोडिल तर नाही?" डॅफोडिल म्हणजे नर्गिसच्या जातभाईतलं फूल. थंड मुलखात त्याच्या वीतभर उंचीच्याही जाती लावतात, त्या त्यानं मोबाईलवर पाहिल्या होत्या. मी उत्तर दिलं, ही काळी मुसळी.

पण नंतर वाटलं, पोरगं अगदीच चुकलं नाही. हूकरसाहेबानं एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ केला, त्यात काळी मुसळी डॅफोडिलच्याच कुळात घातली आहे. कारण एक खूण दोघींत सारखी, बीजकोष पाकळ्यांच्या खाली. डॅफोडिलमध्ये तो फुलामागं हिरव्या गाठीसारखा दिसतो. काळ्या मुसळीत तो पानांच्या बुडाशी मातीत दडलेला असतो, म्हणून फूल थेट जमिनीतून निघाल्यासारखं वाटतं. आता अभ्यासक तिला वेगळ्या कुळात धरतात, ते सोडा.

मुसळी हे नाव एक आणि झाडं अनेक, हीच खरी गोम आहे. त्या गोमेनं माझे पैसे खाल्ले, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

जुन्या वैद्यकात तालमूली नाव येतं. ती म्हणजे काळी मुसळी, असं बहुतेक जाणकार धरतात. पान पाहिलं की नाव पटतं. घड्या पडलेलं, शिंदीच्या नाहीतर ताडाच्या कोवळ्या रोपासारखं. केरळात तिला निलप्पना म्हणतात, म्हणजे जमिनीवरचा ताड. डचांचा मलबारातला गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड, त्याचा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला, त्यातही ती याच नावानं आहे. संस्कृतवाल्याला आणि मल्याळी माणसाला एकच गोष्ट दिसली, ताड. खाली खणलं की एकच सरळ मूळ, बाहेरून काळपट, आतून पांढरं, मुसळासारखं उभं. आणखी एक गंमत, तिच्या पानाचं टोक ओल्या मातीला टेकलं तर तिथं नवं रोप फुटतं. माझ्या धुऱ्यावर ती अशीच सरकत सरकत विहिरीपर्यंत आली.

पांढरी मुसळी म्हणजे सफेद मुसळी, हे वेगळंच झाड. तिचा डॅफोडिलशी संबंध नाही, काळीशीही नाही. फूल पांढरं, दांड्यावर, आणि बीजकोष पाकळ्यांच्या वर. आधी तिला लिलीच्या कुळात धरत, आता शतावरीच्या कुळात धरतात. या पांढऱ्यातही पुन्हा बऱ्याच जाती. विल्यम रॉक्सबर्ग हा कंपनी सरकारच्या काळातला वनस्पतीतज्ज्ञ, 1815 साली वारला. त्यानं त्यातल्या एका जातीला लॅटिनमध्ये ट्युबरोसम, म्हणजे गोळेवाली, असं नाव दिलं. तिच्या मुळ्या दोऱ्यासारख्या बारीक निघतात आणि टोकाला गोळा लटकतो. पावसाळ्यात हिची कोवळी पानं भाजीला खुडतात, कोकणात हिलाच कुली म्हणतात.

बाजारात जिला मोल आहे, तिला मात्र शास्त्रीय नाव मिळायला 1955 साल उजाडावं लागलं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर सांतापाव, मूळचे स्पेनचे, आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी बोरिवलीच्या जंगलातल्या झाडावरून ही नवी जात असल्याचं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं आणि नाव ठेवलं क्लोरोफायटम बोरिविलिएनम. हेच सांतापाव पुढं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले, 1967 साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे आपल्या डोंगरातल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या खणलेली मुळी, पण तिला कागदावर जन्म मिळाला तो लोकल गाडीच्या एका स्टेशनच्या नावानं! (औषधी वनस्पतींचं केंद्राचं संशोधन संचालनालय गुजरातेत आणंदजवळ बोरियावीला आहे. बोरिवली आणि बोरियावी यांत पुष्कळ लोकं गल्लत करतात. मुसळीच्या नशिबी गल्लतच.)

या जातीची ओळख अशी. पानं जमिनीलगत चक्रासारखी पसरलेली. दांड्यावर फुलं बहुतेक तीन-तीनच्या झुपक्यात. बी कांद्याच्या बियासारखं काळं. आणि मुख्य म्हणजे मुळ्या बुंध्याच्या चकतीलाच थेट चिकटलेल्या, जाड, बोटासारख्या. मधात दोरा नाही. बी कमी उगवतं, म्हणून चकतीचा तुकडा राखून एकेक बोट लावावं लागतं. चकतीशिवाय बोट लावलं तर ते मातीत सडतं, फुटत नाही.

आता 2003 कडं येतो. दिल्लीत 2000 च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झालं होतं. पेपरात रोज मुसळीचे लेख. इकडं कापसानं आमचं कंबरडं मोडलेलं. एक बेणं विकणारा गावात आला, नाव घेत नाही. करार दाखवला, माल आम्हीच परत घेऊ म्हणाला. 30 बाय 15 सेंटिमीटरवर लावलं तर एकराला 90 हजारांच्या आसपास रोपं लागतात. मी अर्धा एकर केलं, मुरमाड तुकड्यात, गादीवाफे पाडून. त्या बेण्याच्या पैशात चांगली बैलजोडी आली असती.

पोळ्याच्या सुमारास जंगलाकडून कामाला येणारे एक कोलाम बुवा वाफ्यात बसले, एक झाड उपटलं आणि मुळी माझ्यापुढं धरली. म्हणाले, "भाऊ, हे ते मुसळी नाही. हिले दोरा हाये. हे भाजीची."

मी ऐकलं नाही. सर्टिफिकेट होतं ना माझ्याजवळ! डिसेंबरात पानं वाळल्यावर खणलं तर निम्म्याहून जास्त झाडांना दोऱ्याला लटकलेले गोळे, थोडीच खरी बोटं. परत घेणाऱ्याचा फोन तोवर बंद पडला होता.

आज मागं पाहिलं तर दिसतं, आमच्या भागात त्या वर्षांत मुसळी औषधासाठी कमी आणि पुढच्या शेतकऱ्याला बेणं म्हणून विकायला जास्त लावली जात होती. प्रत्येक जण आपल्या मागच्याला विकत होता, मी शेवटच्या रांगेत सापडलो. दुसरं असं की सोलून वाळवलेली मुळी व्यापाऱ्यासमोर टाका, कुठली जात ते नुसत्या डोळ्यानं सांगणं अवघड. शतावरीची सोललेली मुळीही पांढरीच दिसते. ओळख जमिनीत असते, सोलताना ती सालीबरोबर जाते. म्हणून फसवणूक करणाऱ्याला हे पीक सोयीचं.

कृषी विद्यापीठाच्या लोकांना मी दोष देत नाही. अकोल्याला त्यांचं नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, तिथं खरं झाड उभं पाहता येतं. ते पाहायला मी गेलो, पण बेणं घेतल्यावर. आधी गेलो असतो तर एसटीच्या तिकिटात भागलं असतं.

त्या अर्ध्या एकरातून खऱ्या जातीची चाळीसेक झाडं मी वेचून आंब्याच्या विरळ सावलीत लावली होती. त्यातली काही जगली, दरवर्षी पावसाबरोबर वर येतात आणि दिवाळीनंतर नाहीशी होतात. यंदा पुन्हा कोणी मुसळीचा करार घेऊन तालुक्यात फिरतो आहे असं कानावर आलं. ज्यांना घ्यायचं असेल त्यांनी अगोदर माझ्याकडं या, मी एक झाड उपटून दाखवतो. त्या पोरालाही हेच कळवलं. फुलाचा फोटो छान आहे, आता मुळीचा पाठव.